मुलगा पितो हे कळल्यावर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा पितो, आणि थर्टीफर्स्टपुरतं नव्हे, हे घरी कळतं ते बहुधा उशिरा आणि आडून. हजेरी भरत नसल्याचं कॉलेजचं पत्र येतं, दोन विषय राहिलेले असतात, रूम पार्टनर फोनवर चाचरतो, किंवा बँकेच्या मेसेजमध्ये रात्री साडेदहा-अकराला त्याच एका दुकानात गेलेले पैसे दिसायला लागतात. त्यानंतर मराठी घरात जे घडतं त्याचा क्रम जवळपास ठरलेला आहे. आधी ‘मित्रांनी पाजली असेल’. मग एक मोठं भांडण, आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, महिनाभर शांतता. शपथ मोडली की पैसे बंद, फोन काढून घेणं, मामाला बोलावणं. कुणी पंढरपूरला नेऊन माळ घालायला सांगतं, कुणी ‘लग्न करून द्या, सुधारेल’ म्हणतं. हे सगळं चालू असताना तेच आईवडील हजेरीसाठी ओळखीच्या डॉक्टरकडून आजारपणाचं सर्टिफिकेट आणतात, मित्रांची उधारी फेडतात, पोलिसांनी अडवून ठेवलेली गाडी सोडवून आणतात. शिक्षा आणि सुटका दोन्ही एकाच घरातून, कधी एकाच दिवशी. या प्रश्नावर गेल्या तीसेक वर्षांत बरंच पद्धतशीर काम झालं आहे, त्यातलं काही गोव्यातही. ते एकत्र ठेवून पाहिलं की एक गोष्ट ठळकपणे दिसते. मुलगा ऐकायला तयार नसतानाही सुरुवात करता येते, आणि ती आईवडिलांच्या स्वतःच्या वागण्यापासून करता येते. पिण्याला मिळणारा घरचा आधार काढून घ्यायचा आणि मुलाला मिळणारा मात्र ठेवायचा, ही कसरत ज्या घरांना शिकवली गेली त्या घरांतले पिणारे इतरांपेक्षा अधिक संख्येने उपचारापर्यंत पोचले.

प्रश्न किती मोठा, याचा अंदाज २०१९च्या राष्ट्रीय पाहणीतून येतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने ती केली होती. १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के भारतीय दारू पितात, म्हणजे सुमारे १६ कोटी. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६. ज्यांचं पिणं त्रासाच्या किंवा व्यसनाच्या पातळीला गेलं आहे असे पावणेसहा कोटींच्या आसपास. आणि व्यसनाधीन झालेल्यांपैकी कसलीही मदत मिळालेला माणूस ३८ जणांत एक. घरातल्या बोलण्यात मात्र आकडे कोटींत नसतात, तिथे ‘फक्त बिअर घेतो’ किंवा ‘एक क्वार्टरच तर’ असं माप चालतं, म्हणून तेही तपासून घ्यावं. आपल्याकडे एक युनिट म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात, साधारण ३० मिलिलिटर व्हिस्कीत असतं तेवढं. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये अशी सहा युनिटं बसतात, आणि जागतिक आरोग्य संघटना ज्याला एका बैठकीतलं अतिरेकी पिणं म्हणते त्याची सीमा नेमकी ६० ग्रॅम आहे. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची मोठी बाटली म्हणजे चार युनिटं. शनिवारी दोन बाटल्या संपवणारा ‘फक्त बिअरवाला’ ही सीमा केव्हाच ओलांडून गेलेला असतो. कायद्याकडून फारशी अपेक्षा नको. महाराष्ट्रात पंचविशीच्या आत व्हिस्की-रमला परवानगी नाही. कॉलेजातलं जवळजवळ सगळं कडक पिणं बेकायदा आहे, हे मुलांना ठाऊक आहे, दुकानदाराला ठाऊक आहे आणि बापालाही.

सगळ्यात पहिला आणि सगळ्यात समंजस वाटणारा आक्षेप असा की हे वयच तसं असतं, नोकरी लागली, जबाबदारी आली की सुटेल. यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. विशीच्या सुरुवातीला भरपूर पिणाऱ्यांपैकी बरेच जण तिशीपर्यंत आपोआप कमी करतात, हे परदेशांतल्या दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अडचण अशी की कोण कमी करणार आणि कोण अडकणार, हे एकोणिसाव्या वर्षी कपाळावर लिहिलेलं नसतं. अमेरिकेतल्या ४३ हजार प्रौढांच्या माहितीवरून २००६मध्ये मांडलेलं एक निरीक्षण बरंच सांगून जातं. चौदाव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांपैकी ४७ टक्के लोक आयुष्यात कधी ना कधी व्यसनाधीन झाले, एकविशीनंतर सुरू केलेल्यांपैकी ९ टक्के. लवकर सुरुवात हेच एकमेव कारण असेल असं यावरून सिद्ध होत नाही, घरची परिस्थिती आणि अनुवंशही त्यात असतात. पण ज्याने दहावीतच सुरू केली होती त्याच्या बाबतीत ‘सुटेल’ म्हणणं जुगाराचं आहे, एवढं नक्की. दुसरं म्हणजे जे पुढे सोडतात तेही मधल्या चार-पाच वर्षांची किंमत भरूनच सोडतात, आणि गाडीवरचा अपघात, राहिलेली पदवी किंवा नशेत झालेली मारामारी पुढे सुधारल्यावर परत घेता येत नाही. याच आक्षेपाचं एक शहरी रूप अलीकडे वाढतं आहे. ‘बाहेर पिण्यापेक्षा घरी माझ्यासमोर पी, म्हणजे शिस्त लागेल,’ असं म्हणणारे बाप स्वतःला पुढारलेले समजतात. ऑस्ट्रेलियात १,९२७ मुलामुलींवर सहा वर्षं लक्ष ठेवून हे गृहीतक तपासलं गेलं. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष सरळ होता. आईवडिलांनी दिलेल्या दारूने मुलांचं रक्षण होत नाही. उलट अतिरेकी पिणं, त्यातून होणारी हानी आणि व्यसनाची लक्षणं, तिन्ही वाढलेली दिसली. घरी मिळणाऱ्या मुलांना बाहेरूनही अधिक मिळत होती.

पांघरूण घालण्याची आपली परंपरा मात्र याहून जुनी आणि जास्त प्रतिष्ठित आहे. १९१९मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त गडकऱ्यांनी सुधाकराच्या व्यसनाइतकंच त्याच्या बायकोचं, सिंधूचं, सोसणं रंगवलं, आणि मराठी प्रेक्षकाने शंभर वर्षं अश्रू ढाळले ते मुख्यतः सिंधूसाठी. तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ हसण्यावारी गेलं. लक्षात राहिली ती पिणाऱ्याचा सगळा भार मुकाट अंगावर घेणारी बाई. प्रेम म्हणजे सोसणं, झाकणं, निस्तरणं हा धडा बायकोवरून आईकडे सहज सरकला. आता त्यात बापाची ओळखपाळख आणि पैसा मिसळला आहे. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मध्यरात्रीनंतर भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार चालवणारा सतरा वर्षांचा होता, बारावीचा निकाल मित्रांसोबत साजरा करून निघालेला. त्याच्या रक्ताचा नमुना बदलला गेला आणि त्यात आईवडिलांचाच हात होता, असा पोलिसांचा आरोप आहे. निवाडा न्यायालय करील. चर्चा झाली ती श्रीमंतीची. पण हजेरीसाठी खोटं सर्टिफिकेट आणणारं घर आणि त्या आरोपातलं घर यांच्यात फरक आहे तो पैशाचा आणि धाडसाचा. सवय एकच आहे. दारूचा दुसऱ्या दिवशीचा हिशेब मुलाच्या हातात पडण्याआधी आईवडील तो चुकता करतात. मग त्याच्या लेखी पिण्याला किंमतच उरत नाही.

याला कंटाळलेली माणसं दुसऱ्या टोकाला जातात. ‘तळ गाठल्याशिवाय व्यसनी माणूस शुद्धीवर येत नाही, तेव्हा दार बंद करा’ हा सल्ला आपल्याकडेही आता समुपदेशनाच्या भाषेत मिळतो. १९७२मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले जॉर्ज मॅकगव्हर्न यांची मुलगी टेरी डिसेंबर १९९४मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात नशेत बर्फात पडून गोठून मेली. मॅकगव्हर्न यांनी पुढे तिच्यावर पुस्तक लिहिलं. सल्ल्यावरून शेवटच्या काळात तिच्यापासून राखलेलं अंतर त्यांना कायम सलत राहिलं. तळ कुठे आहे हे पडणाऱ्याला कळत नाही, ढकलणाऱ्यालाही नाही. आपल्याकडच्या जबरदस्तीचे प्रकार आणखी वेगळे आहेत. एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात, खाली मोबाइल नंबर. पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं. डायसल्फिराम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेतल्यावर दारू पोटात गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, क्वचित जीवही जातो. म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला समजावून, त्याच्या संमतीने देतात. आमटीत गुपचूप कालवलेली पुडी त्याच जातीची असली तर घरातल्या घरात विषप्रयोग झाला, आणि नुसतं पीठ असली तर पैसे गेले. खोलीत कोंडून दारू तोडणंही तितकंच धोक्याचं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरथर, ताप अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. हातापायांना कंप आणि सकाळीच पिण्याची गरज ही लक्षणं असतील तर दारू सुटते ती डॉक्टरच्या देखरेखीखाली, देवघरासमोर बसवून नाही. उचलून केंद्रात टाकण्याचा मार्गही कायद्याने अरुंद केला आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात. अठरा पूर्ण झालेल्याला त्याच्या मर्जीशिवाय दाखल करायचं तर मनोविकारतज्ज्ञासह दोघांनी स्वतंत्रपणे तपासून गंभीर धोका असल्याचं ठरवावं लागतं, आणि तेही आधी तीस दिवसांपुरतंच. ‘माझं पोरगं आहे, मी ठरवणार’ हे तिथे चालत नाही, आणि ते योग्यच आहे.

मग उरतं काय? न्यू मेक्सिकोतल्या रॉबर्ट मेयर्स या मानसशास्त्रज्ञाने घरच्या लोकांसाठी एक प्रशिक्षण बसवलं, ते ‘क्राफ्ट’ या नावाने ओळखलं जातं. १९९९मध्ये विल्यम मिलर आणि मेयर्स यांनी त्याची तुलना दोन प्रचलित मार्गांशी केली. उपचार नाकारणाऱ्या माणसांचे १३० नातेवाईक तीन गटांत विभागले. एका गटाला अल-अ‍ॅनॉनची, म्हणजे व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या स्वमदत गटाची, वाट दाखवली. दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला समोर बसवून जाब विचारण्याची तयारी करून दिली. तिसऱ्याला क्राफ्ट शिकवलं. पिणारा उपचाराला आला तो अनुक्रमे १३, ३० आणि ६४ टक्के घरांत. जाब विचारण्याच्या गटात एक वेगळीच गोष्ट घडली. बहुसंख्य घरांना तो प्रसंग घडवून आणण्याचा धीरच झाला नाही. आपल्या विषयाला थेट भिडणारी बाब म्हणजे नवरा-बायकोंपेक्षा आईवडिलांना यश जास्त आलं. २०१०च्या एका एकत्रित पाहणीतही क्राफ्टचं प्रमाण दोनतृतीयांशाच्या जवळपास राहिलं. मात्र आकड्यांना भुलू नये. जर्मनीत हाच प्रयोग झाला तेव्हा तीन महिन्यांत ४० टक्के लोक उपचाराला आले, आणि ज्यांच्या घरच्यांना नुसतं थांबायला सांगितलं होतं त्यांच्यातलेही सुमारे १४ टक्के आले. अल-अ‍ॅनॉनवरही या आकड्यांनी अन्याय होतो. पिणाऱ्याला उपचाराला आणणं हे त्या गटांचं उद्दिष्टच नाही, आणि नातेवाइकांची स्वतःची तगमग तिन्ही गटांत सारखीच कमी झाली होती. ज्या आईची झोप उडाली आहे तिच्यासाठी तेवढंही थोडं नाही.

या प्रशिक्षणात शिकवतात त्या गोष्टी कागदावर फारच साध्या दिसतात. मुलगा केव्हा, कुणाबरोबर, कशानंतर पितो याची आधी शांतपणे नोंद करायची. परीक्षेच्या ताणानंतर, की बापाशी खटका उडाल्यावर, की दर शुक्रवारी ‘बसायला’ जाणाऱ्या त्याच चार जणांबरोबर? तो शुद्धीवर असतो त्या वेळा घरात सुखाच्या करायच्या. आवडीचं जेवण, क्रिकेटची मॅच, त्याच्या विषयावरच्या गप्पा तेव्हा. तो पिऊन आला की भांडणही नाही आणि लिंबूपाणी घेऊन सरबराईही नाही. सुरक्षित आहे एवढं पाहायचं. उलटी होत असेल, नीट शुद्ध नसेल तर कुशीवर झोपवून लक्ष ठेवायचं, उठवूनही उठत नसेल किंवा श्वास मंदावला असेल तर दवाखाना गाठायचा. बाकी बोलणं दुसऱ्या दिवशी. बोलण्याचा ढंग महत्त्वाचा. ‘तू आमचं नाक कापलंस, शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवायचं’ यात मुलाला स्वतःबद्दल काहीच ऐकू येत नाही. ‘काल दीड वाजता तुझा फोन लागेना, मी जागीच होते. तू पिऊन गाडी चालवतोस तेव्हा मला झोप येत नाही. गाडीची किल्ली आजपासून माझ्याकडे राहील. रविवारी येशील तेव्हा आपण दोघं मिळून जेवायला बाहेर जाऊ,’ यात तक्रार आहे, बंधन आहे आणि नातंही शाबूत आहे. दंड, उधारी, राहिलेला विषय हे त्याचं त्याला निस्तरू द्यायचं. मेसचे आणि फीचे पैसे थेट भरायचे, हातखर्चाला रोख किंवा यूपीआयने मोकळी रक्कम पाठवायची नाही. आणि उपचाराचा विषय काढायचा तो अशा घडीला, जेव्हा त्याला स्वतःलाच पिण्याची किंमत टोचत असते. त्यासाठी डॉक्टरचं नाव, वेळ, पत्ता आधीच ठरवून ठेवलेला हवा. ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हटलं की ती घडी गेली.

इथे काहींच्या मनात येईल की ही लाच झाली, प्यायला नाही म्हणून मटण. पण लाच आणि बक्षीस यांतला फरक घराला कळतो. नशेत असलेल्याला शांत करायला पैसे देणं ही लाच. शुद्धीवर असलेल्याच्या सोबतीत आनंद दाखवणं हे पूर्वी आपोआप होत असे, आणि पिण्याच्या धास्तीने घरातून नाहीसं झालेलं असतं. जास्त वजनदार आक्षेप असा की हे सगळं अमेरिकेतलं. तिथल्या घराचं आणि सांगली-नाशिकच्या घराचं काय जुळतं? आजी, काका, आत्या सगळेच मत देणार, आणि लपवालपवी हीच पहिली प्रतिक्रिया. हे खरं आहे. त्याची दुसरी बाजूही खरी आहे. इथला एकविशीचा मुलगा राहायला, फीला आणि पुढे बहुधा लग्नालाही घरावर अवलंबून असतो. आईवडिलांच्या हातात इथे तिथल्यापेक्षा जास्त दोऱ्या आहेत. त्या एकाच वेळी उलटसुलट ओढल्या जातात, एवढंच. अट इतकीच की आईने एक आणि आजीने दुसरं करू नये. आणि साधी, संभाषणावर उभी राहिलेली मदत आपल्या मातीत चालते, याचा पुरावा गोव्यात आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालांत समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के, गेल्या पंधरवड्यात अजिबात न प्यालेले ४२ विरुद्ध १८ टक्के. ही जादू नाही. पण व्यसन पक्कं होण्याआधी चार वेळा नीट बोलणारा माणूस भेटला तर फरक पडतो, हे त्यातून दिसतं. कॉलेजमधले बहुतेक पिणारे नेमके याच टप्प्यावर असतात.

राहिला सगळ्यात अवघड आक्षेप, की हा आईवडिलांनाच दोषी धरण्याचा सभ्य मार्ग आहे. तसं नाही. मूल प्यायला कशाने लागलं आणि घराने आता काय करावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर न मिळताही दुसऱ्याचं देता येतं. अपवाद एकच, बाप स्वतः रोज संध्याकाळी ग्लास भरत असेल तर त्याच्या कुठल्याही अटीला वजन येत नाही. मुलगी पीत असेल तर घर आणखी आक्रसतं. पाहणीतल्या १.६ टक्क्यांत लाजेने न सांगितलेलं किती, कुणास ठाऊक. पण मुलीच्या बाबतीत चारित्र्याची चर्चा आधी होते आणि डॉक्टर शेवटी. पिण्यामागे नैराश्य, अस्वस्थता किंवा घडून गेलेला अत्याचार असण्याची शक्यताच मग कुणी विचारात घेत नाही. मुलग्यांतही ती असतेच, म्हणून पहिली भेट शक्यतो मनोविकारतज्ज्ञाशी असावी. व्यसन पक्कं झालेलं असेल तर पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारखी केंद्रं आहेत. अनिल अवचटांच्या गर्द या अमली पदार्थावरच्या लेखनानंतर, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने, डॉ. अनिता अवचट यांनी ते १९८६मध्ये सुरू केलं. घरच्यांना सोबत घेतल्याशिवाय व्यसन सुटत नाही हे तिथे पहिल्यापासून मानलं गेलं. केंद्रातून घरी आल्यावर पुन्हा प्यायला तर सगळं फुकट गेलं असं समजू नये. पुन्हा घसरणं हे या आजाराच्या वाटेवर नेहमीचं आहे.

मात्र मुलगा यायला तयार नसताना एकट्या आईने कुठे जायचं, याला महाराष्ट्रात सोपं उत्तर नाही. केंद्रांतलं कुटुंबांचं समुपदेशन बहुधा दाखल झालेल्यांच्या घरच्यांसाठी असतं. अल-अ‍ॅनॉनचे गट मोठ्या शहरांत आहेत. १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी घरच्यांनाही वापरता येतो, पण तो फोन आहे, प्रशिक्षण नाही. क्राफ्टसारखं काही शिकवायला गोव्यातल्या प्रयोगासारखे सामान्य कार्यकर्ते पुरतील, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात आठवड्यातून एक दुपार एवढी जागा लागेल. त्याहूनही स्वस्त जागा आणखी एक आहे. अमेरिकेत रॉब टुरिसी यांनी मुलं कॉलेजला जाण्याआधी आईवडिलांना एक पुस्तिका देऊन, दारूबद्दल मोकळेपणाने कसं बोलावं हे शिकवलं. हे बोलणं कॉलेज सुरू झाल्यावर होण्यापेक्षा आधी झालं तर परिणाम चांगला होतो, असं त्यांच्या कामात दिसलं. आपल्याकडे प्रवेशाच्या वेळी रॅगिंग न करण्याच्या प्रतिज्ञापत्रावर पालकांची सही घेतली जाते. म्हणजे वर्षातून एकदा प्रत्येक पालक कॉलेजच्या कागदासमोर पेन घेऊन बसतोच. त्या कागदासोबत चार पानं जास्त द्यायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.